निषादाखालची रेघ



गाण्याच्या क्लासमध्ये हातोहात फिरणारी झेरॉक्स बहुधा पहिल्या हातची नसते. कुणीतरी कधीकाळी पुस्तकावरून प्रत काढलेली असते, तिच्यावरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या प्रतीवरून तिसऱ्याने. वाटेत कुणी समेभोवती गोल केलेला असतो, कुणी अवघड तानेखाली रेघ ओढलेली असते, कुणी समासात परीक्षेची तारीख टिपलेली असते. शेवटच्या विद्यार्थ्याच्या हाती पान येते तेव्हा ही सगळी वस्ती त्यावर छापल्यासारखी काळीकुट्ट दिसते. मग साहजिकच पान स्वच्छ करावेसे वाटते. पण बंदिशीच्या पानावर नुसते पांढरे करून भागत नाही, कारण तिथे रेघ म्हणजेही स्वर असतो आणि ठिपका म्हणजेही स्वर.

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत स्वराखाली आडवी रेघ आली की तो कोमल, मध्यमावर उभी रेघ आली की तीव्र. खाली बिंदू असला तर मंद्र सप्तक, वर असला तर तार. त्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मूळ मराठीत सहा भागांत निघाली आणि आजही असंख्य झेरॉक्स तिच्याच पानांच्या असतात. एखाद्याने लक्षात राहावे म्हणून शुद्ध निषादाखाली पेन्सिलीने रेघ मारली, की पुढच्या प्रतीत तो निषाद कोमल झाला! यमनात असे झाले तर चूक लगेच पकडता येते, कारण यमनात कोमल निषादाला जागाच नाही. खमाजात मात्र दोन्ही निषाद आहेत. साधारणपणे आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल. वळण घेत जाणाऱ्या स्वरावलीत ती रेघ ग्रंथकाराची की कुणा विद्यार्थ्याची, हे नुसत्या रागाच्या ज्ञानावर ठरत नाही. तिथे छापील पुस्तकच उघडावे लागते.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत तर स्वरावरचा बिंदू मंद्र सप्तक दाखवतो. म्हणजे धुळीचा एकच कण एका पुस्तकाच्या पानावर स्वर वर नेईल आणि दुसऱ्या पुस्तकाच्या पानावर खाली आणील. व्हायोलिन किंवा पियानो शिकणाऱ्यांच्या पाश्चात्त्य लिपीतही हीच गत आहे. स्वरापुढे ठिपका आला तर त्याचा काळ दीडपट होतो, डोक्यावर किंवा खाली आला तर तो तुटक वाजवायचा असतो.

हे डाग इतके पक्के होतात कसे? मूळ पुस्तकावरची पेन्सिल करडी असते, छपाईची शाई काळी. डोळ्याला फरक कळतो, झेरॉक्सच्या यंत्राला कळत नाही. चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात कोरड्या छायाप्रतीचा पहिला प्रयोग यशस्वी केला. आजचे यंत्रही त्याच तत्त्वावर चालते. विद्युतभारामुळे टोनरची काळी पूड कागदावर ओढली जाते आणि उष्णतेने वितळून चिकटते. या पुडीला पेन्सिल आणि शाई यांतला भेद राहत नाही. एकदा प्रत निघाली की खोडरबर निरुपयोगी. त्यामुळे सफाईची खरी वेळ प्रत काढण्यापूर्वीची असते. पुस्तक स्वतःचे असेल तर मऊ रबराने हलक्या हाताने पेन्सिल पुसावी. ते जमण्यासारखे नसेल तर यंत्रावर छटा थोडी फिकी करावी, पेन्सिल बरीच विरते. फार फिकी करू नये, कारण पेन्सिलीबरोबर बारीक टाइपातले कणस्वर आणि नाजूक मींडरेषाही जातात.

लाल पेनाच्या खुणांचा उपाय सोपा आहे. पान रंगीत स्कॅन करावे आणि संगणकावर चित्राचा फक्त लाल भाग पाहावा. लाल शाई तिथे कागदाइतकीच उजळ दिसते आणि काळी अक्षरे जशीच्या तशी राहतात. मागच्या पानाची अक्षरे आरपार दिसत असतील तर पानामागे काळा कागद ठेवावा.

ठिपक्यांचा उगम शोधण्याचीही एक युक्ती आहे. चार-पाच वेगवेगळ्या पानांच्या प्रती एकावर एक धरून उजेडात पाहाव्यात. प्रत्येक पानावर ठिपका त्याच जागी असेल तर तो यंत्राच्या काचेवरचा आहे. पानाच्या वरच्या कडेपासून खालपर्यंत गेलेली बारीक उभी रेघही बहुधा स्कॅनरमधल्या धुळीची असते. तालाच्या विभागाचा दंड मात्र आपल्या ओळीपुरताच असतो.

संगणकात डाग आपोआप काढण्याची सोय असते, तिच्यापासून मात्र सांभाळून राहावे. पाव मिलिमीटरचा ठिपका 300 डीपीआयला जेमतेम तीन पिक्सेल रुंद भरतो. तेवढ्या आकाराचे सगळे डाग पुसायला सांगितले तर धुळीबरोबर मंद्र सप्तकही पुसले जाते. स्कॅन 600 डीपीआयला करावे आणि डाग एकेक पाहून हाताने काढावेत. एखाद्या स्वरावर रेघोट्या बसल्या असतील तर त्याच पानावरचा स्वच्छ स्वर उचलून तिथे बसवावा. संगणक नसेल तर प्रतीवर व्हाइटनर लावून तिचीच पुन्हा झेरॉक्स काढली तरी चालते.

काही खुणा मात्र पुसायच्या नसतात. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या डिजिटल संग्रहात संचालक लेनर्ड बर्नस्टाइन यांनी वापरलेली स्वरलेखने त्यांच्या लाल-निळ्या पेन्सिलीसकट जपली आहेत. लाल खुणा वादकांच्या पानांवर उतरवण्यासाठी होत्या, निळ्या त्यांच्या स्वतःसाठी. आपल्याकडेही गुरुजींनी समासात लिहिलेली जागा, बदललेला एखादा शब्द, श्वासाची खूण हे त्या घराचे गाणे असते. म्हणून सफाईला बसण्यापूर्वी खुणांसकट पानाची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.

स्वच्छ पान तयार झाले की दोघांनी एकत्र बसावे. एकाने नव्या पानावरून सावकाश सरगम म्हणावी, दुसऱ्याने मूळ पुस्तकावर बोट ठेवून ऐकावे. सगळे जुळले की पानाच्या मागे पुस्तकाचे नाव, भाग, आवृत्ती आणि पृष्ठ क्रमांक लिहावा. पुढे कुणाला एखाद्या निषादाची शंका आली, तर कुठले पान उघडायचे ते त्याला कळेल.