रुग्णसेवा आणि आपले रेशनकार्ड

(वर्षावास समाप्तीच्या कार्यक्रमात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



समितीचा अहवाल वाचावा असे आम्हाला सांगण्यात आले होते. तो छापून झाला आहे, घरी वाचता येईल. आज आम्ही आमच्या एका चुकीबद्दल बोलणार आहोत.

आपल्या वस्तीतील एका गवंडीकाम करणाऱ्या उपासकाच्या छातीत रात्री कळा येऊ लागल्या. आम्ही चौघांनी त्यांना रिक्षात घालून एका मोठ्या रुग्णालयात नेले. आधी अनामत भरा, मग दाखल करू, असे उत्तर मिळाले. त्यांच्या पत्नीने गळ्यातले काढून हातात दिले. त्या वेळी विहाराच्या स्लॅबसाठी जमवलेली रक्कम खजिनदारांच्या घरी होती. आम्ही ती नेऊन भरली. उपासक वाचले. आम्हाला पुण्य केल्यासारखे वाटले, आणि पुढच्या सभेत स्लॅबच्या पैशावरून जे भांडण झाले ते येथे बसलेल्या सर्वांना आठवत असेलच.

चूक पैसे खर्च केल्याची नव्हती. ते रुग्णालय धर्मादाय न्यासाचे होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. बाकीच्या रुग्णांच्या बिलातून दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. अत्यवस्थ रुग्णाला अनामत न मागता आधी दाखल करून घ्यायचे, हेही त्यात आहे. म्हणजे जे हक्काने मिळायचे, ते आम्ही धम्मदानातून विकत घेतले. ती रक्कम आजतागायत परत आलेली नाही.

महावग्गातील आजारी भिक्खूची कथा आपण दरवर्षी ऐकतो. तो पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून कोणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी त्याला धुऊन नीट निजवले. कथा सांगणारे बहुधा येथेच थांबतात, आम्हीही थांबत होतो. परंतु भगवंत थांबले नाहीत. त्यांनी संघाला बोलावून नियम घालून दिला. आचार्य, शिष्य, सोबती, ज्याचे जे नाते असेल त्याने शुश्रूषा करावी. कोणीच नसेल तर संघाने करावी, आणि न केल्यास तो संघाचा दोष समजावा. एका माणसाची करुणा कायमची पुरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना हाच मार्ग धरला गेला. १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवण्यात आला, १९४४ साली त्यांचा अहवाल आला. पुढे १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. गिरणीतल्या माणसाला दवाखान्यात हात जोडण्याची गरज राहिली नाही. मात्र सकाळी नाक्यावर उभा राहणारा आमचा गवंडी त्यात कधीच बसला नाही. त्याचा मालक रोज वेगळा, मग वर्गणी कोण भरणार?

त्याच्यासाठी राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे, आणि २०२४ साली पिवळे, केशरी, पांढरे अशा सर्व शिधापत्रिकांना पाच लाखांचे संरक्षण देण्यात आले. कागदावर हे उत्तम आहे. प्रत्यक्षात सुनेचे नाव अजून माहेरच्या कार्डावर असते, आधारवर आडनाव वेगळे असते, आणि जवळचे रुग्णालय योजनेच्या यादीतच नसते. शिवाय मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आमच्या वस्तीत घरे रिकामी होतात ती बहुतेक या गोळ्यांपायी, हे आम्ही दारोदार फिरून पाहिले आहे.

आम्ही दोन निवेदने तयार केली आहेत. पहिले जिल्हाधिकाऱ्यांना, रोजच्या औषधांसाठी आणि शहरातील आणखी रुग्णालये यादीत घेण्यासाठी. दुसरे धर्मादाय आयुक्तांना, धर्मादाय रुग्णालयांतील रिकाम्या राखीव खाटांची संख्या दरवाजावरच मोठ्या अक्षरांत लिहिली जावी म्हणून. भन्तेजींनी पहिली सही केली आहे. शेजारच्या मशिदीच्या आणि चर्चच्या मंडळींनाही आम्ही भेटलो. आजार त्यांच्याही घरी आहे, त्यांनी लगेच होकार दिला. विहाराने राजकारणात पडू नये असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांचा मान राखून आम्ही एवढेच विचारतो, की त्या रात्री अनामत भरायला विहाराचाच पैसा गेला ना?

येत्या रविवारपासून सकाळी वंदनेनंतर समितीची दोन मुले विहारात बसतील. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन यावे. दाखला नसेल तर अर्ज तेथेच भरून देऊ. नावे तपासून घ्या, विशेषतः सुनांची आणि म्हाताऱ्यांची. ते उपासक आज समोरच बसले आहेत. सह्यांचा कागद त्यांच्याकडे आहे, जाताना त्यांना भेटून जावे.

जयभीम.