एका गुणाचा हिशेब



‘आपण थोडे, आपल्याला कोण विचारतो?’ असे आपणच म्हणतो. म्हणून ही गोष्ट.

२०१६ साली मिझोरामचा ऐजॉल एफसी आय-लीगमधून खाली घसरला. पुढे महासंघाच्या धोरणावर नाराज होऊन गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी माघार घेतली. ऐजॉलला पुन्हा जागा मिळाली. प्रशिक्षक आले मुंबई एफसीतून बाहेर पडलेले खालिद जमील. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला लाजाँगशी १-१ बरोबरी झाली आणि ऐजॉल विजेता ठरला! ऐजॉल ३७ गुण, मोहन बागान ३६. ईशान्येच्या क्लबने देशाची लीग प्रथमच जिंकली.

आम्ही बँकेतली माणसे. एका रुपयाचा फरक आम्हाला रात्री उशिरापर्यंत बसवतो. तेव्हा घरी जाऊन मतदारयादीतली आपली नावे तपासू या. एकही कमी नको.