गिळलेला मासा



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण पाहिलेल्या एखाद्या चित्रपटावर बोला, असा बाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी आहे.

चित्रपट फ्रेंच, 'ले दियाबोलिक', सन १९५५ चा. दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो. मुलीने घरी संगणकावर लावला आणि खालची इंग्रजी वाक्ये मला मराठीत सांगत गेली.

पॅरिसजवळ मुलांची एक निवासी शाळा आहे. पैसा क्रिस्तिनाचा, कारभार मात्र नवऱ्याचा. हा मिशेल कंजूष आणि मारकुटा. तिथलीच शिक्षिका निकोल त्याच्या नादी लागलेली, तीही मार खाते. शेवटी दोघी एक होतात. (सवती एक झाल्या म्हणून हसू नका!) न्योर गावी निकोलच्या घरी त्याला गुंगीचे औषध पाजून टबात बुडवतात, वेताच्या पेटाऱ्यातून शाळेत आणतात आणि तलावात टाकतात. पुढे तलाव उपसतात, तर आत प्रेतच नाही! माझे हातपाय गार पडले. मध्ये कुठे संगीत नाही, नुसता नळाच्या पाण्याचा नि पावलांचा आवाज.

क्रिस्तिना झाली आहे दिग्दर्शकाची पत्नी व्हेरा. चित्रपटात तिचे हृदय अधू आहे. पुढे १९६० साली खरी व्हेराही हृदयविकारानेच गेली.

पण माझ्या मनात राहिला तो जेवणघरातला प्रसंग. नवऱ्याने स्वस्तात शिळे मासे आणलेले. तिच्या घशाखाली उतरत नाही. सगळी शाळा बघत असताना तो तिला तो घास गिळायलाच लावतो. आणि ती गिळते. शाळा तिची, पैसा तिचा!

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचे हे मारकुटे नाहीत, उगीच कशाला बोलू? पण दुकान घेताना माझ्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि वीस वर्षांत दुकानाची वही मी उघडून पाहिली नव्हती. सकाळी चहा देताना म्हटले, "वही जरा बघू." हे म्हणाले, "तुला काय कळणार त्यातले?" मी म्हटले, "सातवीत गणितात माझा पहिला नंबर होता." संध्याकाळी वही घरी आली. दोन उधाऱ्या वसूल व्हायच्या राहिलेल्या सापडल्या.

चित्रपटाचा शेवट मात्र सांगत नाही. पाहणाऱ्याने तो इतरांना सांगू नये, अशी विनंती त्यांनीच पडद्यावर केली आहे.