लेझरचे ठिपके आणि कॅमेऱ्याचं अंशांकन

लेझरचा प्रकाश भिंतीवर एकसारखा पडत नाही. त्यात बारीक, चमचमते ठिपके दिसतात. खडबडीत पृष्ठभागावरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात.

लेझरच्या उजेडात कॅमेऱ्याचं अंशांकन करताना हे फार महागात पडतं. प्रत्येक पिक्सेलवर सारखा प्रकाश पडला, तरच त्याची संवेदनशीलता कळते. ठिपके असले की दोष पिक्सेलचा की उजेडाचा, हेच उमगत नाही. आणि ती चूक अंशांकनातून बनणाऱ्या दुरुस्तीच्या तक्त्यातून पुढच्या प्रत्येक चित्रात उतरते.

म्हणून झोतात घासलेली काच फिरवत ठेवतात. ठिपके बदलत राहतात, सरासरीत विरतात. मात्र घाई चालत नाही. १०० स्वतंत्र नमुन्यांच्या सरासरीनं चढउतार दहाव्या हिश्श्यावर येतो. शंभराव्या हिश्श्यासाठी १०,००० नमुने लागतात.