पाळीआधीचे दिवस

बायांनो, आणि मागे उभ्या दादांनो, तुम्हीही ऐका. पाळीआधी आठ-दहा दिवस काही बायांचे मन पार काळवंडते. रडू कोसळते, जीव नकोसा होतो. पाळी आली, की दोन-चार दिवसांत बाई पुन्हा माणसांत येते. घरचे म्हणतात, नाटक करते. अहो, नाटकाला अशी दर महिन्याची तिथी असते का? हा आजार आहे. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो आजारांच्या यादीत घेतला. त्यावर औषध आहे. दोन महिने कॅलेंडरवर खुणा करा, पौडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

पण मरणाची भाषा निघाली, तर थांबू नका. तिला एकटी सोडू नका. भातलावणी एक दिवस मागे पडली तरी चालेल. १४४१६ हा सरकारी फोन लावा. रात्रंदिवस फुकट चालतो, मराठीत बोलता येते.