काचेखालचा स्विंग

गोल्फचा स्विंग पुस्तकातून शिकावा की व्हिडिओ पाहून, हा प्रश्न मोबाइलच्या कितीतरी आधीचा. १९३१ साली गोल्फपटू बॉबी जोन्स यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी गोल्फचे धडे देणारे लघुपट केले. लय आणि क्रम, म्हणजे खाली येताना आधी कंबर वळते, हात मागाहून येतात, हे पडद्यावर चटकन कळतं.

पण १९५७ चं गोल्फपटू बेन होगन यांचं ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक घ्या. त्यातल्या अँथनी रॅव्हिएली यांच्या एका चित्रात चेंडूपासून निघालेली तिरकी काच खेळाडूच्या खांद्यांवर टेकलेली आहे, डोकं तिच्यातून वर आलेलं. क्लब मागे नेताना हात काचेखालीच हवेत. अशी नसलेली काच कॅमेरा कुठून दाखवणार? मला तरी हे चित्र तासभराच्या व्हिडिओपेक्षा मोलाचं वाटतं. होगन यांची पकड मात्र जपून उचला. ते स्वतः हूकने, म्हणजे चेंडू डावीकडे वळण्याने, बेजार होते; ती पकड तो रोखण्यासाठी होती. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू आधीच उजवीकडे पळत असेल, तर त्या पकडीने तो आणखी पळेल.

व्हिडिओ काढायचा तर स्वतःचा काढा. फोन मागे, लक्ष्याच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर ठेवा. तो जरा बाजूला सरकला, की चांगला स्विंगही वाकडा दिसतो.