नकाराचे ओझे ग्राहकाच्या शिरावर का?

(बोईसर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



वेतन, कंत्राटी पद्धत, पिण्याचे पाणी हे प्रश्न समोर असताना हा प्राध्यापक विक्रीच्या फोनवर बोलावयास का उभा राहिला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मध्यमवर्गाची कुरकुर म्हणून हा विषय आपण आजवर बाजूस सारला आहे. परंतु ज्याला हे फोन खरोखर छळतात तो मनुष्य तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतच भेटतो. रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या कंत्राटी कामगाराचा मोबाइल वाजतो. अनोळखी क्रमांक घेऊच नका, असा सल्ला वर्तमानपत्रे देतात. पगारदार माणसाला तो परवडतो. ज्याचे उद्याचे काम मुकादमाच्या फोनवर ठरते आणि ज्याचा मुकादमही आज एक तर उद्या दुसरा, त्याने अनोळखी क्रमांक टाळून कसे चालेल? तो बिचारा उठतो, आणि पलीकडून कोणीतरी विनातारण कर्जाचा आग्रह करीत असते.

यामागील अर्थशास्त्र सोपे आहे. फोन करणाऱ्यास एका फोनचा खर्च जवळजवळ शून्य येतो. शंभरांपैकी एकाने होकार दिला तरी त्याचा धंदा होतो. उरलेल्या नव्व्याण्णवांची मोडलेली झोप आणि बुडालेला वेळ त्याच्या हिशेबवहीत कोठेच येत नाही. एकाच्या नफ्याची किंमत तिसऱ्याने मोजावी, या प्रकाराची शास्त्रशुद्ध मांडणी पिगू यांनी १९२० साली केली. आपल्याला मात्र पिगूंकडे जाण्याचे कारण नाही. कारखान्याचे सांडपाणी खाडीत जाते आणि त्याची किंमत मच्छीमार मोजतो, हे तारापूर परिसराला पाठ आहे. त्यासाठीच अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. जो घाण करील त्याने भरावे, हे तत्त्व पाण्याच्या बाबतीत निदान तोंडाने तरी मान्य झाले आहे. फोनच्या बाबतीत तत्त्वच उलटे ठेवलेले आहे.

ते कसे, हे पाहा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००७ साली पहिली नियमावली केली आणि ज्यांना असे फोन नकोत त्यांची राष्ट्रीय यादी सुरू झाली. २०१० साली दुसरी नियमावली आली, २०१८ साली तिसरी. तीच आज फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीसह लागू आहे. प्रत्येक वेळी नियम कडक झाले, पण पाया बदलला नाही. ज्याने नाव नोंदविले नाही त्याला नोंदणीकृत विक्रेता फोन करू शकतो. म्हणजे गप्प राहिलेल्याचे मौन ही त्याची संमती धरली जाते. आता ही यादी असते हे तरी कोणाला ठाऊक? तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर ती कोणी पोहोचविली?

जर्मनीत ग्राहकाची आगाऊ व स्पष्ट संमती नसेल तर विक्रीचा फोन बेकायदा ठरतो. फ्रान्समध्येही आपल्यासारखीच यादी होती. २०२५ साली कायदा करून त्या देशाने ऑगस्ट २०२६ पासून संमतीची पद्धत आणण्याचे ठरविले. आपल्याच संसदेने २०२३ साली केलेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सांगतो की संमती मुक्त व स्पष्ट असावी आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. त्याचे नियम यावयास नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे! तरीही तत्त्व मान्य झालेच आहे. तेच फोनलाही लावा, होकार आल्यावाचून विक्रीचा फोन नाही, ही मागणी आपण केली पाहिजे.

ती पुरी होईपर्यंत आहे तो कायदा तरी वापरू या. १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा संदेश पाठवून सर्व विक्रीचे फोन बंद करता येतात, किंवा बँक व विमा, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य असे विभाग निवडूनही बंद करता येतात. एक खोच ध्यानात ठेवा. एखाद्या कंपनीला आपण स्पष्ट संमती दिलेली असेल, तर यादीत नाव असूनही तिचा फोन येऊ शकतो. दुकानात मोबाइल घेताना किंवा हप्त्यावर वस्तू आणताना विक्रेता आपल्या वतीने ज्या चौकटीत खूण करतो, ती पाहून मगच पुढे जावे. दिलेली संमती मागे घेता येते.

विक्रीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आहेत; बँकांसारख्या संस्थांनी व्यवहाराच्या कामासाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक वापरावयाचे आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून विक्री करण्यास मनाई आहे. असा फोन आला तर तारीख, क्रमांक आणि काय विकले जात होते एवढे लिहून १९०९ वर तक्रार करावी. पूर्वी त्यास तीन दिवसांची मुदत होती, आता सात दिवसांची आहे. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करण्यासाठी आपले नाव यादीत असण्याचीही आता अट नाही, आणि दूरसंचार कंपनीने ३० ऐवजी ५ दिवसांत कारवाई करावयाची आहे. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होते. येथे संघटनेचे काम आहे. एकट्याची तक्रार हरवते. एका चाळीतल्या पाच जणांची हरवणार नाही.

चोराला मात्र यादीची भीती नसते. फसवणुकीचा संशयास्पद फोन आला तर संचार साथीच्या 'चक्षू' सुविधेवर कळवावे आणि पैसे गेलेच तर घटकाभरही न दवडता १९३० वर फोन करावा.

पलीकडे बोलणाऱ्या मुलीवर ओरडू नका, ही माझी विनंती आहे. दिवसाला अमुक फोन, महिन्याला अमुक गिऱ्हाईक, या बोलीवर तीही कंत्राटीच राबते. आणि निवडणुकीत ध्वनिमुद्रित आवाजाचे फोन करविण्याचा मोह आपल्यालाही होतो. त्या वेळी रात्रपाळीचा कामगार झोपलेला असतो, हे आपल्या प्रचारप्रमुखांनाही सांगावे लागेल.

वस्तीत नोंदणी करून देताना एक शंका हमखास निघेल: सर्व बंद केले तर बँकेचा, मजुरी जमा झाल्याचा संदेशही बंद होईल काय? होणार नाही. व्यवहाराचे संदेश येतच राहतात. हे आधी सांगा, मगच मोबाइल हातात घ्या.